ओटा कुणाच्या उंचीचा?

दिवाळीच्या सुटीत घरी सांगलीला गेलो, तर डायनिंग टेबलावर फराळाच्या डब्यांऐवजी कॅटलॉग पसरलेले! गुळगुळीत कागद, चकचकीत फोटो, आणि प्रत्येक फोटोत एका काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं. "यंदा स्वयंपाकघर नवं करायचं," बाबांनी जाहीर केलं, "कंटेम्पररी स्टाईलमध्ये!" बाबांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. शोरूमवाल्याने शिकवला असणार.

मग काय, घरात एकदम लोकशाही आली. बाबांना राखाडी रंग हवा. काकांना मधली भिंत पाडून ओपन किचन. पुण्याहून ताईने व्हिडिओ कॉलवर पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा आणि मधोमध आयलंड सुचवलं. (आमचं स्वयंपाकघर ८ फूट बाय १० फूट. त्यात आयलंड टाकलं, तर आपण समुद्रातच उभं राहायचं!) मला हँडल नसलेली कपाटं आवडली. आजीने फक्त देवघर हलवायचं नाही एवढी अट घातली.

आईला कुणी विचारलंच नाही, असं मात्र नाही हं. ती आत चकल्या तळत होती. बाबांनी इथूनच मोठ्यानं विचारलं, "अगं, तुला कोणता रंग?" आतून उत्तर आलं, "कुठलाही घ्या, धुता आला म्हणजे झालं." आम्ही सगळे हसलो. आता मागे वळून बघताना वाटतं, त्या दिवसाच्या अख्ख्या चर्चेत इंजिनिअरिंगचं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य होतं.

मी पडलो कॉन्व्हेंटचा. 'कंटेम्पररी' हा शब्द मला सहज कळतो असा माझा समज होता. पण या लेखासाठी मराठी शब्द शोधायला शब्दकोश उघडला, तर 'समकालीन' असा अर्थ निघाला. समकालीन, म्हणजे एकाच काळात असणारे. मग प्रश्न पडला, की या फोटोतलं स्वयंपाकघर नेमकं कुणाचं समकालीन आहे? त्या कॅटलॉगात एकाही पानावर कुकर नव्हता. मिसळणाचा डबा नव्हता. ओट्यावर कणकेचा एक कण नव्हता. आणि एकाही फोटोत घाम आलेलं माणूस नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मेसची वेळ गाठायची आहे ते इथूनच उठू शकतील. घराचं स्वयंपाकघर नवं करायचं असेल, तर स्टाईल सगळ्यांत शेवटी निवडावी. आधी तिथे कोण उभं राहतं, किती वेळ, आणि काय काय करतं हे मोजावं. आपण सगळे इंजिनिअर होणार आहोत. मशीन बसवण्याआधी आपण ऑपरेटर कुठे उभा राहणार ते बघतो, आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र लॅमिनेटचा रंग बघत बसतो!

शोरूममध्ये

पाडव्यानंतर आम्ही सगळे शोरूमला गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत आमच्या स्वयंपाकघराचं थ्री-डी चित्र काढून दाखवलं. मी भारावून गेलो. रंग विचारला, बजेट विचारलं, चहा विचारला. आईची उंची विचारली नाही.

"ओट्याची उंची किती?" मी विचारलं.

"स्टँडर्ड, सर." ('सर' म्हटल्यावर मी थोडा फुशारलो, हे कबूल करतो.)

"स्टँडर्ड म्हणजे?"

"चौतीस इंच. सगळीकडे तीच असते."

हे गणित सोपं आहे. खाली पायांसाठी १०० मि.मी., त्यावर ७२० मि.मी.चं कपाट, वर कड दुमडलेला ४० मि.मी.चा दगड. झाले ८६० मि.मी., म्हणजे साधारण ३४ इंच. काही ठिकाणी ३६ इंचसुद्धा करतात. कारखान्यात एकाच मापाची कपाटं कापली की स्वस्त पडतात, यात गैर काही नाही. पण 'स्टँडर्ड' हा शब्द ऐकल्यावर आपण विचारायचं थांबतो, ते गैर आहे. हे स्टँडर्ड कुणाच्या उंचीवरून आलं?

आईची उंची ४ फूट ११ इंच. म्हणजे १५० सें.मी.

टेप घेऊन आईच्या मागे

आम्हाला यंदा वर्क स्टडी हा विषय आहे. सबमिशनपुरताच वाचायचा असतो तो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण घरी आल्यावर मी टेप घेतली आणि आईला भिंतीला टेकवून उभं केलं. "हे काय नवीन खूळ?" म्हणत ती उभी राहिली. जमिनीपासून कोपर ९४ सें.मी. खांदा १२३ सें.मी.

एर्गोनॉमिक्सचं पुस्तक सांगतं, की उभ्याने हलकं काम करायचं असेल, म्हणजे निवडणं, चिरणं वगैरे, तर कामाची पातळी कोपराच्या १० ते १५ सें.मी. खाली असावी. ज्या कामात दाब द्यावा लागतो ते काम आणखी खाली हवं, म्हणजे अंगाचं वजन हातावर टाकता येतं. आता पोळी लाटणं हे दाबाचं काम. कणीक मळणं तर त्याहून जास्त.

आता ३४ इंची ओट्यावर आईला उभं करू. ओटा ८६ सें.मी. त्यावर आमचं पोळपाट ५ सें.मी. उंच. झाले ९१. म्हणजे आईच्या कोपराच्या फक्त ३ सें.मी. खाली! अशा वेळी माणूस काय करतं? खांदे उचलून लाटतं. रोजच्या २० पोळ्या, वर्षाचे ३६५ दिवस. आमचा जुना ओटासुद्धा गवंड्याने ३४ इंचीच बांधलेला आहे. गेली तीन वर्षं आई उजव्या खांद्याला बाम चोळते, आणि आम्ही सगळे म्हणतो, "वय झालं."

पण खरी गंमत गॅसपाशी आहे. परदेशी फोटोत शेगडी ओट्याच्याच पातळीत बसवलेली असते. आपल्याकडे शेगडी ओट्याच्या *वर* ठेवतात. आमच्या शेगडीची उंची मोजली, १४ सें.मी. त्यावर ठेवलेल्या कुकरची १८ सें.मी. आता बेरीज करा: ८६ अधिक १४ अधिक १८, बरोबर ११८. आईचा खांदा १२३ वर. म्हणजे कुकरचं तोंड तिच्या खांद्याच्या जेमतेम ५ सें.मी. खाली. आमटीत डाव फिरवायला तिला हात खांद्याइतका उचलावा लागतो, आणि भाजी लागली का ते बघायला टाचा उचलाव्या लागतात. मी वीस वर्षं तिला टाचा उचलताना बघतोय. मला वाटायचं, ती तिची लकबच आहे!

दोऱ्याचा नकाशा

मग मला चेवच चढला. वर्क स्टडीत 'स्ट्रिंग डायग्राम' नावाचा प्रकार आहे. जागेचा नकाशा मापात काढायचा, माणूस जिथे जिथे जातं तिथे टाचण्या टोचायच्या, आणि माणूस जसजसं फिरेल तसतसा टाचण्यांमधून दोरा फिरवायचा. शेवटी दोरा सोडवून मोजला, की चाललेलं अंतर कळतं.

मी ग्राफ पेपरवर १:२० मापात स्वयंपाकघर काढलं. गॅस, सिंक, डब्यांची मांडणी, ताटाळं, मिक्सर, पिण्याचं पाणी, आणि हॉलमध्ये ठेवलेला फ्रिज (आत जागा नाही म्हणून). आजीच्या शिवणाच्या डब्यातून तीन रिळं घेतली. लाल आईसाठी, निळं बाबांसाठी, हिरवं माझ्यासाठी. सकाळी साडेसहाला दारात खुर्ची टाकून बसलो.

साडेआठला दोरा मोजला. आईच्या १६३ फेऱ्या झाल्या होत्या. अंतर सुमारे ४०० मीटर, म्हणजे आपल्या ग्राउंडची एक पूर्ण फेरी, तीही त्या ८ बाय १० च्या खोलीत. फ्रिजपर्यंतच्या फेऱ्या १९. सगळ्यांत जाड दोरा पडला होता गॅस आणि मांडणी यांच्यामध्ये, कारण डाळ-तांदळाचे डबे एका भिंतीला आणि गॅस समोरच्या भिंतीला.

किचनच्या पुस्तकांत एक 'वर्क ट्रँगल' असतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात त्यावर काम झालं. फ्रिज, सिंक आणि शेगडी हे त्रिकोणाचे तीन बिंदू. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, आणि तिन्हींची बेरीज २६ फुटांच्या आत असावी असा नियम. शोरूमवाल्यानेही आम्हाला हा त्रिकोण दाखवला. नियम चांगलाच आहे. पण माझ्या ग्राफ पेपरवर त्रिकोण दिसेना. आमच्या स्वयंपाकाचा मुख्य बिंदू फ्रिज नाहीच, डब्यांची मांडणी आहे. तिथून धान्य, पीठ, मसाले, गूळ, चहा-साखर सगळं निघतं. जिथे आठवड्याचं सामान फ्रिजमध्ये भरून ठेवतात तिथे तो त्रिकोण काढला गेला. आपला त्रिकोण आपणच काढायला हवा.

शंभर वर्षांपूर्वीचं कंटेम्पररी

या सगळ्यात मी थोडं वाचनही केलं. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची पणजी म्हणजे १९२६ चं 'फ्रँकफर्ट किचन'. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी मोठ्या वसाहती बांधल्या जात होत्या, आणि त्यातल्या स्वयंपाकघराचं काम मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की या तरुण आर्किटेक्टकडे आलं. जागा किती, तर १.९ मीटर बाय ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर एवढ्याशा जागेत इतक्या लोकांना कसं जेवू घालतं, हे तिने बघितलं. बायकांच्या कामाच्या वेळा आणि पावलं यांचा हिशोब मांडला. भिंतीत ओळीने ॲल्युमिनियमचे खण केले. त्यांवर तांदूळ, साखर अशी नावं, आणि थेट ओतता यावं म्हणून पुढे चोच. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली.

त्यातल्या दोन गोष्टी मला फार लागल्या. एक म्हणजे, त्या स्वयंपाकघरात एक फिरतं स्टूल होतं. बसून काम करता यावं म्हणून! शंभर वर्षांपूर्वीच्या सगळ्यांत 'मॉडर्न' किचनमध्ये बसायची सोय होती, आणि आमच्या थ्री-डी चित्रात ती नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे, या बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं, की ते डिझाइन करण्याआधी त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाक केला नव्हता. म्हणजे चांगलं स्वयंपाकघर करायला स्वयंपाक यायलाच हवा असं नाही. बघायची आणि मोजायची तयारी हवी. माझ्यासारख्या मॅगीपुरत्या बल्लवाचार्याला यातून केवढा धीर आला म्हणून सांगू!

पण त्या स्वयंपाकघरावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. ते इतकं नेमकं आणि इतकं अरुंद होतं, की त्यात एकच माणूस मावायचं. दुसऱ्याने मदतीला यायचं म्हटलं तरी जागा नाही. या टीकेकडे मी शेवटी येणार आहे.

बसण्यावरून आजी आठवली. आजी लग्न होऊन आली तेव्हा घरात चूल होती आणि सगळा स्वयंपाक बसून. विळीवर चिरायचं, पाट्यावर वाटायचं, हाताच्या अंतरावर सगळं. मग गॅस आला, आणि स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर चढला. "उभ्याने कसला स्वयंपाक होतो का?" असं तिला पहिले सहा महिने वाटायचं म्हणे. जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही. चुलीचा धूर, दर दोन मिनिटांना उठबस, चाळिशीतच धरलेले गुडघे, हे सगळं आजीकडूनच ऐकलंय. पण तेव्हा ओटा आला तोही कुणी तिच्या उंचीने बांधला नाही, हेही खरं. आजही तिला मेथी निवडायची असली, की ती विळी घेऊन ओट्याच्या पायाशी जमिनीवर बसते आणि आई तिला ओलांडून ये-जा करते. माझ्या नकाशात आजीची टाचणी अगदी वाटेतच आली!

'धुता आला म्हणजे झालं'

आता आईच्या त्या वाक्याकडे येतो. आपल्याकडे ओटा पुसत नाहीत, धुतात. रात्री सगळं आवरल्यावर तांब्याभर पाणी ओतून, घासून, वायपरने पाणी सिंकमध्ये ओढतात. हे पाणी कडेने खाली कपाटात झिरपतं. कपाट पार्टिकल बोर्डचं किंवा एमडीएफचं असेल, तर लॅमिनेटची कड जिथे उकलली तिथून पाणी पितं आणि फुगतं. एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा सरळ होत नाही.

हे आम्ही सांगलीकरांनी जरा जास्तच जवळून पाहिलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात तीन फूट पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा गाद्या, फ्रिज, माझी शाळेची पुस्तकं, सगळं गेलं होतं. कडाप्प्याचा ओटा मात्र चिखलाखाली जसाच्या तसा उभा होता. होजपाइपने धुतला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चहा झाला. शेजारच्यांचं वर्षभरापूर्वी केलेलं नवंकोरं मॉड्युलर किचन पावासारखं फुगून बसलं होतं. त्या काकू त्यासमोर नुसत्या उभ्या होत्या, ते अजून डोळ्यांसमोर येतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा पाणी आमच्या पायऱ्यांवरून परत फिरलं, पण रात्रभर आम्ही डबे माळ्यावर चढवत होतो.

म्हणून मला वाटतं, की नदीकाठच्या गावात 'कंटेम्पररी' म्हणजे पाण्यात टिकणारं. सगळीकडे पूर येत नाही, मान्य. पण तांब्याभर पाणी रोज सगळीकडे येतं!

आता ताईच्या पांढऱ्या क्वार्ट्झबद्दल. हा खाणीतून आलेला दगड नसतो. क्वार्ट्झचा चुरा ९० टक्क्यांच्या आसपास आणि बाकी मुख्यतः रेझिन, असा तो कारखान्यात बनतो. दिसतो देखणा. पण रेझिन आलं की उष्णतेचं भय आलं. आपल्याकडे तापलेली कढई सरळ उतरवून ओट्यावर ठेवायची सवय, आणि तिथे डाग पडतो. शिवाय पांढऱ्या रंगावर हळद! हळदीतलं कर्क्युमिन साबण लागला की लाल होतं, उन्हात हळूहळू फिकं पडतं. पण ओटा काही उन्हात वाळत घालता येत नाही. आणखी एक गोष्ट वाचली आणि मग मन उडालंच. हा दगड कापताना, घासताना सिलिकाची जी बारीक धूळ उडते तिने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदी आणली, जगात पहिल्यांदा. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतं, त्यामुळे तोही पाणी मारत, तोंडाला मास्क लावूनच कापायला हवा. पण या दगडात ते कितीतरी जास्त. आपल्या ओट्याची चकाकी कुणाच्या छातीतून येते, हाही डिझाइनचाच प्रश्न आहे ना?

आणि माझी ती हँडल नसलेली कपाटं? त्यांत वरच्या खाचेत बोटं घालून दार ओढायचं असतं. कणकेचे हात असले की ती खाच आठवड्यात बुजते. आईने शोरूममध्ये एकदाच त्यात बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. विषय संपला.

भिंत पाडायची की नाही?

ओपन किचनबद्दल माझं मत दोन्ही बाजूंनी आहे. फोडणी, मिरच्यांचा ठसका, सुकटीचा वास हे सगळं सोफ्यावर येऊन बसणार, हे खरं. चिमणी लावली तरी तिचा पाइप बाहेर काढलेला हवा. नुसता कार्बन फिल्टर लावून हवा घरातच परत सोडणारी चिमणी वास थोडा कमी करते, पण वाफ आणि उष्णता घरातच ठेवते. पाइपही आखूड आणि कमी वळणांचा हवा. प्रत्येक एल्बोला किती लॉस होतो हे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण पाठ केलंय, ते इथे कामाला येतं! आणि जुन्या घरात भिंत पाडण्याआधी ती लोड-बेअरिंग आहे का ते सिव्हिलवाल्याला विचारावं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच गप्प झाले.

पण दुसरी बाजूही आहे. संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये काहीतरी बघून हसतो, आणि भिंतीपलीकडून आई विचारते, "काय झालं रे?" आम्ही म्हणतो, "काही नाही गं." दरवेळी विनोद परत सांगायचा कंटाळा येतो. या एका कारणासाठी भिंत गेली तरी माझी हरकत नाही.

निळं रीळ, हिरवं रीळ

आता शेवटचं, आणि मला स्वतःला टोचलेलं. त्या दिवशी साडेआठला नकाशा पूर्ण झाला, तेव्हा तो सगळा लाल होता. निळं रीळ उघडलंच नव्हतं. हिरवंही नाही. उलट एक लाल दोरा स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर, कागदाच्या कडेपर्यंत आला होता. खुर्चीवर बसून आईच्या फेऱ्या मोजणाऱ्या इंजिनिअर मुलाला चहा द्यायला ती आली होती, त्याचा तो दोरा!

तो कागद मी बाबांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ओटा तुझ्या आईच्या मापाचा केला, तर मला वाकावं लागेल." बाबा ५ फूट ९ इंच. मी म्हटलं, "तुम्ही करणार आहात का?" उलट प्रश्न म्हणून विचारलं खरं, पण डिझाइनचा खरा प्रश्न तोच निघाला. ओट्याची उंची ठरवायची, म्हणजे तिथे कोण उभं राहणार ते ठरवायचं. फेऱ्या १६३ वरून १०० वर आणता येतील, मांडणी हलवून. पण त्यातल्या निम्म्या दुसऱ्या रंगाच्या करायला कुठल्याही शोरूममध्ये ट्रॉली मिळत नाही.

शेवटी आम्ही जे ठरवलं ते असं. आत कडाप्प्याचे उभे कप्पे, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या. बाहेरून फक्त दारं, तीही मरीन प्लायची (आयएस ७१० चा शिक्का बघून). वर काळा ग्रॅनाइट, पुढच्या कडेला पाणी अडवणारी पट्टी. ओट्याच्या दोन पातळ्या. सिंक आणि चिरण्याची जागा ८० सें.मी.वर, गॅस आणि पोळ्यांची जागा ७० वर. आता कुकरचं तोंड १०२ वर येतं आणि पोळपाट ७५ वर. डाळ-तांदळाचे डबे गॅसच्याच बाजूला. फ्रिज आत. ओट्याखाली एक कप्पा मोकळा ठेवून तिथे स्टूल, आजीसाठी आणि खरं तर आईसाठीही. भिंतीत सरकत्या काचेची मोठी खिडकी. आणि ७५ सें.मी.च्या डायनिंग टेबलाची एक बाजू बाबांची. बसून भाजी निवडायची आणि चिरायची. दारांचा रंग राखाडी, कारण बाबांचंही काहीतरी चालायला हवं!

ही झाली आमची कंटेम्पररी स्टाईल. कॅटलॉगात तिचं नाव नाही.

होस्टेलवर परत आलो आणि पहिल्याच रात्री मेसच्या खिडकीतून आत डोकावलो. दोन वर्षं तिथेच ताट घेऊन उभा राहतोय, पण आत कधी नीट बघितलं नव्हतं. पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी स्टीलच्या टेबलाशी लाकडी पाटावर उभ्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "टेबल उंच पडतंय बाळा, म्हणून पाट आणला घरनं." रात्रीच्या शेकडो पोळ्या त्या पाटावर उभं राहून होतात. पाय जरा मागे गेला, की तोल गेलाच. रेक्टर सरांना आणि मेस कमिटीला नम्र विनंती आहे, की पुढच्या वेळी टेबलं बनवायला टाकाल तेव्हा आधी मावशींना भिंतीला टेकवून कोपर मोजा. टेप माझ्याकडे आहे, रूमवर कधीही मागा.

आणि मित्रांनो, सेमिस्टर संपल्यावर घरी जाल तेव्हा तुम्हीही एक टेप आणि दोन-तीन रंगांची रिळं घेऊन जा. फक्त दारात खुर्ची टाकून बसू नका. माझ्या बाजूने सांगायचं, तर परवाच्या शनिवार-रविवारी घरी गेलो होतो. सकाळी हिरवं रीळ उघडलं. सात फेऱ्या भरल्या. चहा मी केला, आणि आईने तो बसून घेतला. साखर जास्त झाली होती म्हणे.